उपडा पेला

काजवाली आणि मामा यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की लेकीचंही लग्न होऊन गेलं होतं. पण दोघं शेवटचं एकत्र कधी जेवली असं कुणी विचारलं असतं, तर दोघांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. भांडण वगैरे काही नव्हतं. पाळ्या जुळत नव्हत्या, सुट्टीचे वारही जुळत नव्हते, एवढंच.

ती कपड्यांच्या कारखान्यात दिवसपाळीला होती. शर्टांना काजं करायचं मशीन तिच्याकडे, म्हणून कारखान्यात तिला काजवाली म्हणत, आणि पुढे गल्लीतही तेच नाव चिकटलं. नवरा इस्पितळात वॉर्डबॉय, रात्रपाळीला. पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हुद्दा आपला बॉयचाच. पिकल्या केसांच्या माणसाला ‘ए बॉय’ अशी हाक मारायला पेशंटांनाच कसंतरी व्हायचं, म्हणून ते मामा म्हणायला लागले. मग नर्सेस म्हणायला लागल्या, मग डॉक्टर, आणि शेवटी गल्लीनेही तेच उचललं.

लेक लहान असताना घरात सदोदित एक मोठं माणूस हवं, म्हणून मामांनी साहेबांच्या हातापाया पडून रात्रपाळी मागून घेतली होती. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी पाळी तीच राहिली. साहेबांना आयता रात्रीचा माणूस मिळालेला, ते कशाला सोडतायत! संध्याकाळी काजवाली जिना चढायची तेव्हा मामा जिना उतरत असायचे.

“चहा गाळून ठेवलाय.”

“बरं. मफलर घेतलात?”

“घेतला.”

एवढं झालं की त्या दिवसाचं बोलणं संपलं. सकाळी ती कुलूप लावून निघायची, आणि थोड्या वेळाने ते येऊन तेच कुलूप उघडायचे.

मग घर चालायचं कसं? तर खुणांवर. कडीला टॉवेल अडकवलेला दिसला की समजायचं, बादलीत कपडे भिजवलेत, पिळून वाळत टाका. पातेल्यावरचं झाकण तिरकं असलं की यातलं थोडं उद्यासाठी राखायचं. केरसुणी उंबऱ्यात आडवी पडलेली असली तर ती पडलेली नाही, ठेवलेली आहे. नळ जाणार आहे, पाणी भरून घ्या. जगातली नवरा-बायको तोंडाने भांडतात, ही दोघं साखरेच्या डब्यावरून भांडायची. लेकीचं स्थळ ठरवताना एकदा जिन्यातच शब्दाला शब्द लागला, तर काजवालीने डबा उचलून माळ्यावर टाकला. मामांना स्टूल घेऊन तो काढता आला असता. त्यांनी काढला नाही. बिनसाखरेचा चहा निमूटपणे पीत राहिले, आणि शेवटी तिलाच दया येऊन डबा खाली आला. अशी त्यांनी माफी मागितली आणि अशी तिने दिली.

पण या सगळ्यांत मानाची खूण पेल्याची. घरात स्टीलचे दोन पेले रोजच्या वापरातले. मामांच्या पेल्याला पोटात पोचा आलेला, तिचा धड. मांडणीवर पेला उपडा असला तर जेवलो. सरळ असला तर जेवायचं राहिलंय, पोटात भूक आहे. रात्रपाळीच्या सुरुवातीला एकदा मामा दोन दिवस उपाशीपोटी ड्यूटीला गेले होते. तिला वाटलं हे कँटीनमध्ये खाऊन येतात, त्यांना वाटलं ही रागावून मुद्दाम काही ठेवत नाही. विचारायचं कुणी कुणाला, भेट झाली तर ना! दोघांची चूक कळल्यावर तिला रडू फुटलं, आणि त्याच दिवशी मामांनी पेल्याची तोड काढली. तेव्हापासून ती कारखान्यातून आली की चपला काढण्याआधी मान वळवून मांडणीकडे बघायची. पेला उपडा दिसला की जीव खाली पडायचा. इतक्या वर्षांत पेला एकदाही खोटं बोलला नव्हता.

मग साथ आली. कारखान्याचं फाटक बंद झालं, रस्त्यावरची वर्दळ एका दिवसात नाहीशी झाली, आणि लोकांना घरात बसायचा हुकूम निघाला. इस्पितळ मात्र बंद होणार नव्हतं. मामांची पाळी वाढली.

काजवालीला मनातून थोडा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला. चला, म्हणाली, आता तरी दिवसा घरी असू, दोन घास बरोबर खाऊ. पण सकाळी मामा आले ते दारातूनच ओरडले, “लांब हो! मी वॉर्डातून आलोय.” अंगावरचे कपडे त्यांनी स्वतःच उकळत्या पाण्यात टाकले, साबण लावून आंघोळ केली आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेले. “माझ्याजवळ बसू नकोस. तिकडे काय चाललंय ते मी बघतोय.” ती स्वयंपाकघरात जेवली, ते आत. एका घरात राहूनही पंगत वेगळीच राहिली.

आणि मग तिला एक एक कळायला लागलं. तिच्या घरात दिवसा कोण राहतं, ते तिला आजवर ठाऊकच नव्हतं. मामा सकाळी झोपण्याआधी गुणगुणतात. उन्हाची तिरीप येईल तसतसं उशी सरकवत जातात. आणि आतल्या खोलीच्या खिडकीखाली मोटारींच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर होतं, तिथे काळ्यापांढऱ्या ठिगळांची एक बांडी मांजर रोज ठरल्यासारखी येऊन बसायची. मामा तिला ताटातला घास काढून द्यायचे आणि तिच्याशी बोलायचे. थोडंथोडकं नव्हे. काजवाली दाराआड उभी राहून ऐकत राहिली. कोणत्या कॉटवरचा पेशंट काल घरी गेला, कोणता गेला तो परत न येण्यासाठी, नर्सबाई कशी कोपऱ्यात जाऊन रडली, सगळं सगळं ते मांजरीला सांगत होते. वर्षभरात ते बायकोशी जेवढं बोलले नसतील तेवढं त्या बयेशी एका बैठकीत बोलले. काजवालीला मांजरीचा राग आला, अगदी सवतीचा यावा तसा. आणि हे सगळं ऐकायला आपण इतकी वर्षं घरी नव्हतो, याचं वाईटही वाटलं.

ते झोपले की घरात आवाज करायची सोय नव्हती. ती भांडी घासून फडक्यावर पालथी घालायची, नळाची धार बादलीच्या कडेवर सोडायची, कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजवायची. कारखान्यात दिवसभर मशीनच्या खडखडाटात बसणारी बाई ती. तिला शांततेची सवय नव्हती. कामं उरकायची आणि दुपार उरायची.

एक दिवस मामा जिना चढून आले ते नेहमीच्या निम्म्या वेगाने. घशात खवखवतंय म्हणाले. तपासणी झाली, आणि जे व्हायला नको होतं ते निघालं. इस्पितळातल्या कॉटा भरलेल्या. श्वास नीट आहे तोवर घरीच थांबा, असं त्यांच्याच डॉक्टरांनी सांगितलं. लेक वयात आल्यावर आतल्या खोलीला लागून एक लहानशी मोरी आणि संडास बांधून घेतला होता, तो आता कामी आला. मामांनी बोटाला लावून प्राणवायू मोजायचं ते छोटं यंत्र घेतलं, पाण्याचा माठ घेतला आणि दार आतून लावून घेतलं.

दाराबाहेर काजवालीने स्टूल ठेवलं. ताट वाढून स्टुलावर ठेवायचं, दारावर टिचकी मारायची आणि स्वयंपाकघरात निघून यायचं. थोड्या वेळाने दार किलकिलं व्हायचं, ताट आत जायचं. मग परत येऊन बघावं तर ताट विसळून स्टुलावर ठेवलेलं, आणि ताटात पोच्याचा पेला. उपडा.

तो उपडा पेला बघितला की तिला हत्तीचं बळ यायचं. लोक म्हणतात तोंडाची चव जाते, अन्नावरची वासना जाते. आमच्या ह्यांची तर वाढलीय! ती दुसऱ्या दिवशी आणखी थोडं वाढायची. मऊ भात, बटाट्याचा रस्सा, उकडलेलं अंडं, दुधात भिजवलेला पाव. सगळं संपायचं.

बोलायचं म्हटलं तर मधे एक दार तेवढं होतं, आणि दोघंही दिवसभर रिकामी होती. अख्ख्या संसारात इतका वेळ त्यांना एकमेकांसाठी कधी मिळाला नव्हता. पण बोलायचं काय? ती दाराला पाठ लावून बसायची.

“बरं वाटतंय ना?”

“बरं आहे.”

“ताप?”

“विशेष नाही.”

“यंत्र काय म्हणतंय?”

“चांगलं म्हणतंय.”

आतून खोकल्याची ढास यायची, ती थांबेपर्यंत ती श्वास रोखून बसायची. मग उठून कामाला लागायची, कारण बसून राहिलं की डोक्यात नाही नाही ते यायचं. सबंध घर तिने फिनेलने पुसून काढलं. पंख्याची पाती पुसली. डब्यांखालचे कागद बदलले. कपाटातले मामांचे सगळे शर्ट काढले आणि ज्याचं काज उसवलेलं दिसलं ते नव्याने हाताने भरत बसली. कारखान्यात परक्या लोकांच्या शर्टांना तिने आयुष्यभर काजं केली, त्यांचा हिशोब नाही. नवऱ्याच्या शर्टाचं एक काज इतक्या निवांतपणे ती पहिल्यांदाच भरत होती, आणि तो शर्ट घालणारा भिंतीपलीकडे खोकत होता.

तिचं स्वतःचं जेवण म्हणाल तर नावाला. एकटीसाठी ताट मांडायचं तिच्या जिवावर यायचं. ओट्याशी उभ्या उभ्या ती पातेल्यातलं दोन चमचे तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची, की झालं. तिचा धड पेला मांडणीवर सरळच असायचा. तो बघायला होतं कोण?

लेकीचा फोन रोज यायचा.

“आई, बाबा जेवतात ना नीट?”

“जेवतात गं. रोज पेला उपडा असतो.”

“पेल्याचं काय सांगतेस आई? त्यांना विचार ना.”

“विचारायचं काय त्यात? समोर दिसतोय ना पेला.”

“तुम्ही दोघं म्हणजे ना!” लेक वैतागायची. लहानपणापासून ती या खुणांच्या घरात वाढली होती, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याशी इतकं बोलायची की तो बिचारा कधी कधी बाल्कनीत जाऊन उभा राहायचा.

अशात एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या गॅलरीतून वर हाक मारली. येणंजाणं बंद असल्यामुळे सगळ्या गप्पा हल्ली मान वर करून किंवा खाली करूनच व्हायच्या.

“काय गं काजवाले, गल्लीतली मांजरं बघितलीस? हॉटेलं बंद, खाटीक बंद, नुसती हाडं राहिलीत बिचाऱ्यांची. आणि ही बांडी बघ कशी टम्म झालीय! दिवस गेलेत की काय हिला?”

“छे हो काकू,” काजवाली म्हणाली, “घराबाहेर पडायला बंदी आहे ना सगळ्यांना.”

दोघी पोट धरून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसली ती. हसता हसता कपडे दोरीवर टाकत होती, आणि तिचं लक्ष बाजूला गेलं. तिच्या गॅलरीतून आतल्या खोलीची खिडकी अर्धी दिसायची. त्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात अंडं होतं, तिनेच घटकेपूर्वी सोलून मिरपूड लावून ठेवलेलं. हाताने ते पत्र्यावर ठेवलं. मग भाताची मूठ ठेवली. बांडी आरामात उठून आली आणि खायला लागली.

पण काजवाली अंड्याकडे बघत नव्हती. ती बाहीकडे बघत होती. मनगटावरचं बटण काजात नीट अडकवलेलं होतं, तरी बाही पार बोटांपर्यंत घसरून आली होती. त्या शर्टाच्या बाह्या कारखान्यातून तिनेच मापाने करून आणल्या होत्या. आत हात राहिलाच नव्हता जणू, नुसतं हाडूक. काकू खालून काहीतरी म्हणत होत्या, ते तिला ऐकू आलं नाही.

ती आत आली तेव्हा दार किलकिलं होऊन पुन्हा लागत होतं. स्टुलावर विसळलेलं ताट. ताटात पेला. उपडा.

तिने दाराला तोंड लावलं. “अहो, जेवलात?”

हा प्रश्न तिने आजवर तोंडाने कधी विचारलेलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर कसं द्यायचं हे मामांनाही ठाऊक नसावं.

“पेला ठेवलाय की,” ते शेवटी म्हणाले.

“पेला बघितला. मी तुम्हाला विचारतेय.”

खोकल्याची एक लांब ढास आली. ती ओसरल्यावर मामा दाराशीच खाली बसले असावेत, कारण आवाज खालून यायला लागला. मग तीही खाली बसली.

“जात नाही गं. चिखल चघळावा तसं लागतं. गिळायला गेलं की खोकला येतो, खोकलं की दम लागतो.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“ताट तसंच परत आलं असतं तर तू हाय खाल्ली असतीस. तुझं जेवण सुटलं असतं.”

तिला रडू आवरेना. अन्न मांजराला घातलं त्याचं काही नाही. आजार लपवला, तेही एक वेळ समजण्यासारखं होतं. पण पेला खोटा ठेवला, याचं तिला सगळ्यात जास्त लागलं. आपण रोज त्या पेल्याकडे बघून खूश होत होतो, वर आणखी वाढत होतो, आणि आत माणूस दोरीसारखा बारीक होत होता. लेक ओरडून सांगत होती, त्यांना विचार, त्यांना विचार. तोंड होतं, दार होतं, वेळ होता. आपण विचारलं नाही. आपण पेला बघितला.

“पेला कशाला खोटा ठेवलात?” एवढंच तिला बोलता आलं.

मामांनी उलट विचारलं, “तू जेवतेस ना?”

“हो तर. पोटभर,” ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं. मागे ओट्यावर तिचं दोन चमच्यांचं पातेलं तसंच पडलं होतं.

“ते यंत्र बोटाला लावा. दाराच्या फटीतून मला दाखवा.”

“अगं, सांगितलं ना चांगलं आहे म्हणून.”

“दाखवा.”

दार किलकिलं झालं. लोंबत्या बाहीतून एक बोट पुढे आलं. यंत्रावरचा आकडा लेकीने सांगून ठेवलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली होता. काजवालीने फोन उचलला.

गाडी आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांमध्ये माणसं उभी होती. प्लास्टिकच्या पोशाखातले दोघे वर आले. त्यातला एक मामांच्याच वॉर्डातला होता. चेहरा दिसत नव्हता, आवाजावरून कळलं. “मामी, काळजी करू नका. मामा आमच्याच वॉर्डात येतायत,” तो म्हणाला. तिने मान हलवली. तिला स्वयंपाकघराच्या टोकाला उभं राहायला सांगितलं होतं, तिथेच ती ओट्याला धरून उभी होती. मामा भिंतीचा आधार घेत तिच्यासमोरून गेले. तोंडावर मास्क, वर नुसते डोळे. ते डोळे तिच्याकडे वळले आणि खाली झुकले.

ते जिना उतरायला लागले. तिला राहवलं नाही. ती दारापर्यंत आली.

“मफलर घेतलात?”

खालच्या वळणावर मामा थांबले. दम खाल्ला.

“घेतला,” म्हणाले.

गाडीचं दार लागलं, आवाज लांब गेला, आणि एकेक करून गल्लीतल्या खिडक्या बंद झाल्या.

मग घर खरोखरच रिकामं झालं. पालिकेची माणसं काजवालीच्या दारावर ‘इथे रोगी आहे’ असा कागद चिकटवून गेली, म्हणून कुणी वर फिरकत नव्हतं. खालच्या काकू दूध आणि पाव जिन्याच्या पायरीवर ठेवून, “ठेवलंय गं!” असं ओरडून पळायच्या. काकूंचं चुकत नव्हतं काही, त्यांना स्वतःला दमा होता. तरी त्या पळायच्या ते काजवालीला दिसायचं आणि आपणच कुठला तरी रोग आहोत असं तिला वाटायचं. आतली खोली तिने उघडली, चादरी उकळल्या, फरशी पुसली. उशीवर मामांच्या डोक्याचा खळगा होता. ती उशी मात्र तिने उन्हात टाकली नाही.

स्टुलावर तो पेला अजून उपडाच होता. तिने उचलला, उकळत्या पाण्यातून काढला, पुसला आणि मांडणीवर ठेवताना हात थांबला. उपडा ठेवला तर तो पुन्हा खोटं बोलणार. तिने तो सरळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर बांडी ओरडायला लागली. ज्याची सवय होती तो माणूस नव्हता, त्याची जागा रिकामी, आणि तिला ते कळत नव्हतं. काजवालीने आधी तिला हाकललं. मग पाव दुधात कुस्करून पत्र्यावर ठेवला.

“नाहीत ते,” ती मांजरीला म्हणाली. “माझ्याकडे बघून काय ओरडतेस? मला तरी कुठे सांगून गेले.”

आणि मग तिलाही सवय लागली. मामा बसायचे त्याच जागी ती बसायची आणि मांजरीशी बोलायची. मामांनी मांजरीलाच का सगळं सांगितलं असेल, ते तिला आता थोडं थोडं कळायला लागलं. मांजर ऐकून घाबरत नाही. मांजर उलटून काही विचारतही नाही.

इस्पितळातून एका बारीक आवाजाच्या नर्सचा फोन यायचा. “मामा आहेत तसेच आहेत, मामी.”

“जेवले?”

“थोडी पेज गेली.”

“तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?”

पहिल्यांदा नर्सला राग आला असावा. “म्हणजे काय मामी, खोटं सांगेन का मी?”

“तुम्ही नाही हो. ते सांगतील. ते खोटं सांगतात.”

त्यानंतर नर्स न विचारताच सांगू लागली. दोन चमचे गेली, मी भरवली. आज एकच चमचा गेला. आज नाही गेली. काजवालीला वाईट बातमीसुद्धा बरी वाटायची, कारण ती खरी असायची. एक दिवस फोनच आला नाही. त्या दिवशी तिने फोन हातातून खाली ठेवला नाही, गॅस पेटवला नाही, खिडकी उघडली नाही. बांडी बाहेर ओरडून ओरडून निघून गेली. लेकीचा फोन आला तर तिने तो दोन शब्दांत तोडला, मधेच इस्पितळातून आला तर काय घ्या! संध्याकाळी जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, वर आली आणि दुसऱ्या दारात गेली. ती मांडणीसमोर बसून राहिली. सरळ पेल्यात खिडकीतला उजेड दिसत होता, तो कमी कमी होत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिने उचलला आणि कानाला घट्ट धरला.

“मामी, मी बोलतेय,” नर्स म्हणाली. “काल इथे फार गडबड होती, जमलंच नाही, रागावू नका. थांबा, मामांच्या कानाला लावते. थोडंच बोलू द्या हं त्यांना.”

काहीतरी खरखरलं. एक यंत्र एका लयीत टिकटिक करत होतं. मग कुणीतरी दम घेतला, आणि तो दम तिने लगेच ओळखला.

“अगं.”

“बोला.”

“पेला सरळ ठेव.”

ती म्हणाली, “सरळच आहे. तुम्हाला नेलं त्याच दिवशी केला.”

पलीकडे दमाचा आवाज नुसता येत राहिला. ते हसत होते की रडत होते, ते तिला कळलं नाही. मग मामांनी विचारलं, “तू जेवलीस?”

“हो.”

“तोंडाने विचारतोय. खरं सांग.”

तिने ओट्याकडे बघितलं. कालपासून पेटवलेला नव्हता तो गॅस.

“नाही,” ती म्हणाली.

“मग जेव,” मामा म्हणाले. एवढ्यानेच त्यांना दम लागला.

नर्सने फोन घेतला. “आज मामांनी स्वतःच्या हाताने वाटी धरून पेज प्यायली, मामी. पूर्ण. मी समोर उभी होते. अजून काही दिवस ठेवतील इथे, धोका गेलाय असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. पण भूक लागलीय म्हणाले. स्वतःहून.”

फोन ठेवून काजवाली उठली, तांदूळ धुतले, बटाटे चिरले, एक अंडं उकडायला टाकलं. ताट घेतलं, पाट घेतला आणि खाली मांडी घालून बसली. वास लागून बांडी खिडकीवर हजर झालीच. तिला भाताची मूठ मिळाली.

“अंड्याकडे बघू नकोस. अंडं आज माझं,” काजवालीने तिला बजावलं.

पहिले घास घशाखाली उतरेनात. ती पाण्याबरोबर उतरवत गेली. मधे एकदा रडली, मग पुन्हा जेवायला लागली. ताटात काही ठेवलं नाही.

ताट घासलं, पेला घासून पुसला आणि मांडणीपाशी गेली. आपला पेला तिने उपडा ठेवला. शेजारी मामांचा पोच्याचा पेला सरळ होता.